भ्रष्टाचार मोजायचा, पण कोणाला विचारून?

भारत भ्रष्टाचारात कितवा, हे लेखात किंवा भाषणात सांगणार असाल, तर आधी कोणता आकडा घ्यायचा ते ठरवा. बर्लिनच्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेचे दोन आहेत आणि बातम्यांत त्यांची सर्रास सरमिसळ होते.

१९९५ पासून निघणारा भ्रष्टाचार धारणा निर्देशांक सामान्य माणसाला काहीच विचारत नाही. तज्ज्ञ आणि उद्योजकांची मतं निरनिराळ्या स्रोतांतून घेऊन तो ० ते १०० गुण देतो. १०० म्हणजे स्वच्छ. ग्लोबल करप्शन बॅरोमीटर मात्र थेट लोकांना विचारतो: गेल्या वर्षभरात पोलीस, कोर्ट, दवाखाना, शाळा, दाखले, वीज-पाणी यांपैकी कुठे पैसे चारावे लागले का?

२०२० साली दोन्ही आकडे उपलब्ध होते. निर्देशांकात भारत ४०, मालदीव ४३, म्हणजे जवळपास बरोबरीत. पण या सेवा घेणाऱ्यांपैकी लाच दिलेले भारतात ३९ टक्के, मालदीवमध्ये २. कंबोडियात ३७ टक्के, आपल्यासारखेच. गुण मात्र २१.

मग मालदीव स्वच्छ आहे का? बेटं भाडेपट्ट्यानं देण्यातला तिथला घोटाळा जगभर गाजला. असल्या व्यवहारात नागरिकाच्या खिशात कोणी हात घालत नाही, म्हणून बॅरोमीटरला तो दिसत नाही. आणि वशिला? तो लाचेत धरत नाहीत. भारतात ४६ टक्क्यांनी ओळख लावून काम करून घेतल्याचं सांगितलं, हा वेगळा आकडा. (मला तरी तोच जास्त ओळखीचा वाटतो.)

दाखला, दवाखाना, पोलीस यांबद्दल बोलायचं असेल तर बॅरोमीटर घ्या. फक्त तो दरवर्षी निघत नाही आणि लाच दिल्याचं सगळेच कबूल करत नाहीत. वरच्या पातळीवरची खाबूगिरी किंवा देशाची पत हा विषय असेल तर निर्देशांक. पण क्रमांक नको, गुण द्या. २०२२ ते २०२३ मध्ये भारताचा एकच गुण घटला, ४० चे ३९ झाले, आणि क्रमांक ८५ वरून ९३ वर गेला. मथळे अर्थातच आठ पायऱ्यांचे. २०१२ च्या आधीचे गुण आताच्या गुणांशेजारी ठेवू नका, तेव्हा पद्धतच वेगळी होती.

जागतिक बँकेचा भ्रष्टाचाराबद्दलचा आकडाही बहुतांशी अशाच मतांवर उभा आहे, पण ती चुकीची शक्यता किती तेही सोबत छापते. अहवाल लिहिणाऱ्यांनी तो घ्यावा. भाषणात उणे अडीच ते अधिक अडीच ही मोजपट्टी समजावता समजावता वेळ संपेल.