झोफनीच्या नावावर मला २,४६५ पाउंडांना गंडवलं

जुन्या नाटकांच्या चित्रांचा नाद असेल आणि ऑनलाइन घेत असाल तर वाचाच, कारण माझे चित्राचे २,४०० आणि वर कुरिअरचे ६५ पाउंड, सगळे बुडालेत. नेहमीचीच ष्टोरी, आजोबांच्या माळ्यावर सापडलं, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आज रात्रीच बँक ट्रान्सफर करा. चित्र म्हणजे अठराव्या शतकातल्या योहान झोफनी या चित्रकाराने रंगवलेला तेव्हाचा गाजलेला इंग्लिश नट डेव्हिड गॅरिक, 'द प्रोव्होक्ड वाइफ' या कॉमेडीतल्या सर जॉन ब्रूटच्या भूमिकेत, दारू पिऊन बाईचा झगा घालून पहारेकऱ्यांशी मारामारी करतो तो सीन. मूळ चित्र वुल्वरहॅम्प्टनच्या आर्ट गॅलरीत आहे हे मला माहीत होतं, मी काही येडा नाही. पण त्या काळी गॅरिकची अशी चित्रं म्हणजे त्याची जाहिरातच, त्यावरून मेझोटिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेले छाप, छापून विकायचे, चित्रकार स्वतःच्या चित्राच्या प्रतीही करून द्यायचे, मग "स्टुडिओतली दुसरी प्रत" म्हटल्यावर कुणालाही पटलं असतं. त्यात हाच झोफनी १७८३ मध्ये हिंदुस्थानात आलेला, लखनौला राहिलेला. बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला झग्यातला गॅरिक भिंतीवर हवासा वाटणारच ना.

आता चीड कशाची येते सांगतो. विकणाऱ्याने पाठवलेल्या क्लोजअपमध्येच सगळं होतं. ब्रशचे उंचवटे गॅरिकच्या गालावरून सरळ मागच्या अंधारात गेलेले, टोपीची कड मध्ये येते तिथेही दिशा तीच. हाताने रंगवणारा गाल वेगळा रंगवतो, टोपी वेगळी, मागचा अंधार वेगळा. म्हणजे कॅनव्हासवर प्रिंट मारून वर पारदर्शक जेल फासलेलं! तो फोटो झूम करून मी भावाला दाखवला आणि आम्ही दोघं गॅरिकचे डोळे बघत बसलो. मागची बाजू मागितली तर म्हणे फ्रेम सील आहे. मागची बाजू दाखवत नाही त्याच्याशी पुढे बोलूच नका. घरी फ्रेम उघडली तर खिळ्यांऐवजी स्टेपल, आणि भिंगाखाली रंगीत ठिपकेच ठिपके.

बँक म्हणते वस्तू मिळाली ना, मग हा सिव्हिल डिस्प्यूट, म्हणजे तुमचा आपसातला दिवाणी वाद, आमचा संबंध नाही. पोलिसांनी रेफरन्स नंबर दिला आणि सांगितलं की बिलावर फक्त "सजावटीचं चित्र" लिहिलंय, झोफनीचं नाव कुठंय? अरे पण मेसेजमध्ये तर दहा ठिकाणी आहे, ते वाचायला कुणी तयार नाही! साइटवाले म्हणतात पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत. सगळे मिळून मलाच समजावतात, चोराला कुणी फोनसुद्धा करत नाही. कशासाठी बसवलंय मग या लोकांना?

इंग्लंडमध्ये १०० पाउंडांच्या वर ३०,००० पर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली तर कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते, म्हणून विकणारा बँक ट्रान्सफर म्हणाला की फोन ठेवा. चित्रकाराचं नाव आणि साल बिलावर लिहून घ्या, नुसतं तोंडी नको. हेच चित्र, झग्याच्या डाव्या बाहीवर तपकिरी डाग असलेलं, कुणाला ऑफर झालं असेल तर चॅट डिलीट करू नका, मला मेसेज करा, मी तक्रार वर नेतोय.