माळ्यावरची, जपानी की अमेरिकी: जुन्या गेम कॅसेटवर पैसे कुठे घालावेत?

बंदूक चालवत पळायचा तो जुना 'काँट्रा' हा खेळ आज कॅसेटच्या तीन रूपांत हाती येऊ शकतो. पहिलं रूप आपल्या घरातलं. नव्वदच्या दशकात 'मीडिया' किंवा 'टर्मिनेटर' असं नाव असलेल्या टीव्ही गेमबरोबर आलेली, वर '९९९९९९ इन १' छापलेली कॅसेट. दुसरं जपानी फॅमिकॉमचं, म्हणजे निन्टेन्डोच्या जपानमधल्या गेम यंत्राचं, कोनामीने १९८८ साली काढलेलं. तिसरं त्याच वर्षीचं अमेरिकी, एनईएस या त्याच यंत्राच्या अमेरिकी अवतारासाठीचं, करड्या रंगाचं आणि बरंच मोठं. खेळ एकच, पण तिघांच्या किमतीची गणितं एकमेकांशी जुळत नाहीत. संग्रह सुरू करायचा असेल किंवा घरातली जुनी कॅसेट विकायची असेल, तर आधी आपण या तिघांपैकी कशाबद्दल बोलतोय ते पक्कं करावं.

जाहिरातीतल्या 'रेअर' या शब्दाकडे मी बघतही नाही. 'सुपर मारिओ ६४'च्या जगभरात एक कोटीहून जास्त प्रती खपल्या, म्हणजे खेळ मुळीच दुर्मीळ नाही. तरी जुलै २०२१ मध्ये त्याची एक सीलबंद प्रत अमेरिकेतल्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, तेव्हाच्या दराने साडेअकरा कोटी रुपयांच्या आसपास. ते पैसे खेळाचे नव्हतेच. वरचं प्लास्टिक न फाटलेलं, खोक्याचे कोपरे शाबूत आणि दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने दिलेले दहापैकी ९.८ गुण, याचे ते पैसे. उलट बाजूने 'स्टेडियम इव्हेंट्स' बघा. बान्दाईचा पळण्याच्या चटईवरचा हा खेळ १९८७ सालचा. चटईचे हक्क निन्टेन्डोने घेतले, तोच खेळ 'वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट' या नावाने पुन्हा काढला आणि जुन्या नावाच्या प्रती दुकानांतून उठवल्या असं सांगतात. त्यामुळे अमेरिकी 'स्टेडियम इव्हेंट्स'ला हजारो डॉलर मोजले जातात, आणि त्याच नावाची युरोपातली कॅसेट त्या मानाने फारच स्वस्तात मिळते. दुर्मीळपणा नावाला चिकटलेला नसतो. कुठल्या देशातली, कुठल्या खेपेची आणि कोणत्या अवस्थेतली प्रत, यावर तो ठरतो.

आता माळ्यावरची कॅसेट. हिच्यावर ना कंपनी, ना वर्ष, ना क्रमांक. किती निघाल्या याची नोंद कुठे नाही, मग दुर्मीळ म्हणायची तरी कशाच्या जोरावर? खोलून पाहिलं तर आतल्या हिरव्या सर्किटच्या पाटीवर चिपऐवजी काळ्या डांबरासारखा एक ठिपका दिसतो. नऊ लाख नव्व्याण्णव हजार खेळांची यादी म्हणजे मोजके खेळ, तेच पुढच्या पातळीवरून किंवा जादा जीव देऊन पुन्हापुन्हा मोजलेले, हे आपल्या पिढीला पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं. शिवाय अशा कॅसेट आजही नव्या बनतात, आणि काळ्या ठिपक्यावरून वय सांगता येत नाही. म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात कोणी 'ओरिजिनल नाइन्टीज' म्हणून भाव चढवला, तर मी हात मागे घेईन. घरचीच असेल तर मात्र जपून ठेवा, विकू नका. बाजारात जे मिळेल त्यापेक्षा घरात तिचं मोल जास्त आहे.

याला अपवाद आहेत. बिनपरवाना बनलेले पण स्वतःची काही करामत असलेले खेळ परदेशातले संग्राहक शोधत असतात. 'सोमारी' त्यातला, १९९४ सालचा, सोनिकच्या जगात मारिओला पळवणारा. एकच खेळ असलेली, आपल्या खोक्यासकट टिकलेली जुनी नकली कॅसेटही नुसत्या 'इन १' पेक्षा बरी. आणि तुमच्याकडे टीव्ही गेमचा अख्खा संच रंगीत खोका, बंदूक आणि दुकानाच्या पावतीसह असेल, तर त्यातली कॅसेट सुटी करून विकण्याचा विचारही करू नका. संचालाच गिऱ्हाईक मिळतं.

जपानी कॅसेटकडे माझा उघड कल आहे, आणि त्याला कारण काँट्राच आहे. जपानमध्ये कोनामीसारख्या कंपन्यांना स्वतःची कॅसेट आणि तिच्यातली चिप स्वतः बनवता येत असे. त्या जादा चिपमुळे जपानी काँट्रात सुरुवातीला गोष्ट येते, पातळ्यांच्या मध्ये नकाशा दिसतो, जंगलातली पानं हलतात, बर्फाच्या पातळीत बर्फ पडतो. अमेरिकी आवृत्तीत यातलं काही नाही, कारण तिथे कंपन्यांना निन्टेन्डोच्याच ठरावीक पाटीवर भागवावं लागलं. म्हणजे तिघांतला सर्वांत पूर्ण खेळ जपानी कॅसेटमध्ये आहे. आणखी एक सोय अशी की फॅमिकॉमची कॅसेट ६० पिनांची, आणि आपले मीडिया-टर्मिनेटर फॅमिकॉमचीच नक्कल. जपानहून आलेली कॅसेट माळ्यावरच्या डब्यात सरळ बसते. आपला डबा 'पाल' या टीव्ही पद्धतीवर, ५० हर्ट्झवर चालत असल्याने एखादा खेळ संथ वाटेल किंवा पडद्यावर थोडा गडबडेल, पण बहुतेक चालतात. अस्सल जपानी यंत्र आणलंत तर उलट पंचाईत होते, कारण त्याचा अँटेनाचा सिग्नल आपल्या टीव्हीवर लागत नाही.

किमतीचं म्हणाल तर जपानमध्ये जे लाखांनी खपलं ते आज कवडीमोल आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट ३' फेब्रुवारी १९८८ मध्ये आला तेव्हा पहिल्याच दिवशी दहा लाखांवर प्रती गेल्या. आज त्याची सुटी कॅसेट 'हार्ड ऑफ'सारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत 'जंक'च्या, म्हणजे भंगाराच्या टोपलीत पडलेली असते. तो पूर्ण जपानी मजकुराचा, आपल्याला निरुपयोगी, हा भाग वेगळा. 'काँट्रा' तितका स्वस्त नाही. फॅमिकॉमच्या अखेरच्या वर्षांत, लोक सुपर फॅमिकॉम या पुढच्या यंत्राकडे वळल्यावर निघालेले खेळ खरोखर महाग आहेत, कारण तेव्हा प्रतीच कमी छापल्या गेल्या. सनसॉफ्टचा 'गिमिक' १९९२ चा, 'समर कार्निव्हल ९२ रेक्का' त्याच वर्षीचा. हे दोन्ही सुरुवातीला नकोत. तोक्योत निशिकासाईला राहणारं ओळखीचं कोणी सुट्टीत येणार असेल तर टपालखर्चही वाचतो, कॅसेटचं वजन ते काय!

जपानी प्रतीत बघायचं ते एवढं: पाठीवर लहान मुलाने मार्करने लिहिलेलं नाव असेल तर भाव उतरवून मागा, खेळायला काही बिघडत नाही. प्रगती साठवणाऱ्या खेळांत बटण सेल असतो, तो इतक्या वर्षांत बहुधा मेलेला असतो आणि सोल्डर करून बदलावा लागतो. पिनांवर हिरवट-काळे डाग दिसले तर तो कोणाच्या तरी फुंकरीचा प्रताप समजा. आपण सगळेच कॅसेटमध्ये फुंकर मारायचो. त्या ओलाव्याने पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते. खोका आणि माहितीपुस्तिका हवी असेल तर किंमत कितीतरी पटीने वाढते, कारण पातळ पुठ्ठ्याचे ते खोके तेव्हाच फाटले. खेळायचंच असेल तर सुटी घ्या.

अमेरिकी कॅसेटबद्दल थोडक्यात. ७२ पिना, त्यामुळे आपल्या डब्यात बसत नाही, मधे ॲडॉप्टर लागतो. (सुरुवातीच्या काही 'जायरोमाइट' कॅसेटमध्ये जपानी पाटी आणि तिला अमेरिकी यंत्रात बसवणारा, उलट दिशेचा ॲडॉप्टर आतच असे, म्हणून लोकांनी त्या फोडल्या.) बनावटही इथेच जास्त, कारण पैसा इथे जास्त. खऱ्या कॅसेटचे नंतरच्या काळातले स्क्रू ३.८ मिलिमीटरच्या खास पान्यानेच निघतात, आणि आतल्या पाटीवर निन्टेन्डोचं नाव व कुलपाची, म्हणजे बिनपरवाना कॅसेट अडवण्यासाठीची, छोटी चिप असते. १९९० च्या निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप या स्पर्धेच्या ९० करड्या आणि २६ सोनेरी कॅसेट कोणी तुम्हाला व्हॉट्सअॅपवर देऊ केल्या, तर मनसोक्त हसून घ्या. सीलबंद प्रतींत गुंतवणूक म्हणून पैसे घालणं तर मला पटतच नाही. २०२१ चा तो ज्वर बघून जे शिरले त्यांच्यासाठी तो भाव कायमचा राहिला नाही.

कुठलीही घ्या, मागितलेल्या किमतीवर अंदाज बांधू नका. ईबेवर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या बघता येतात, प्राइसचार्टिंग या संकेतस्थळावर झालेल्या व्यवहारांचा आलेख मिळतो. विक्रेत्याकडून लेबल, पाठ आणि पिना यांचे जवळून काढलेले फोटो मागवा. अमेरिकी कॅसेट महाग असेल तर खोलून आतल्या पाटीचा फोटोही मागा. जपानीच्या बाबतीत तेवढा हट्ट धरू नका: फॅमिकॉमच्या बहुतेक कॅसेट स्क्रूवर नसून खाचांत अडकवलेल्या असतात, आणि खोलताना कडा तुटली की त्या कॅसेटची किंमत तिथेच उतरते.