शहराला नवं पाणी कुठून आणायचं? आधी विजेचा हिशेब मांडा

वाढीव पाण्याची गरज पडली की साधारण तीन प्रस्ताव समोर येतात. लांबच्या धरणातून पाइपलाइन टाकायची, समुद्राचं पाणी गोडं करायचं किंवा सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं. तिन्हींत बांधकामाचा खर्च पहिल्या पानावर असतो आणि विजेचा कुठेतरी परिशिष्टात. वाचताना हा क्रम उलटा करा. बांधकाम एकदाच होतं, पंप मात्र पुढची कित्येक वर्षं रोज चालवावे लागतात.

एक मोजपट्टी हाताशी ठेवा. एका युनिट विजेत हजार लिटर पाणी जास्तीत जास्त ३६७ मीटर वर चढतं. पंप आणि मोटरमधलं नुकसान वजा केलं की पावणेतीनशे मीटरच्या आसपास. पाइपातलं घर्षण वेगळं.

म्हणून पाइपलाइनच्या प्रस्तावात किलोमीटर मोजण्याआधी चढ मोजा. उतारानं येणारं पाणी दूरवरून आलं तरी वीज जवळपास लागत नाही. मध्ये डोंगर आला की सगळं गणित फिरतं. कॅलिफोर्नियात उत्तरेचं पाणी दक्षिणेकडे नेताना एडमन्स्टन पंपिंग केंद्रात ते एका दमात ५८७ मीटर वर चढवलं जातं. या एकाच टप्प्यावर हजार लिटरमागे पावणेदोन ते दोन युनिट जातात. पलीकडे उतरताना जनित्रांतून काही वीज परत मिळते, सगळी नाही.

याच योजनेचं मुख्य धरण ओरोविल. ऑगस्ट २०२१ मध्ये दुष्काळानं त्याची पातळी इतकी खाली गेली की तिथलं जलविद्युत केंद्र बंद करावं लागलं. १९६० च्या दशकात सुरू झाल्यापासून ही वेळ पहिल्यांदाच आली होती. म्हणजे एकाच कोरड्या वर्षानं पाणीही कमी केलं आणि वीजही. लांबच्या धरणावर विसंबणाऱ्या प्रत्येक योजनेत ही जोडी लपलेली असते. सरासरी पावसाच्या वर्षाचे आकडे दाखवणारा अहवाल ती दाखवत नाही.

समुद्राच्या पाण्याचं उलट आहे. पाऊस पडो न पडो, समुद्र जागेवर असतो. पण वीज भरपूर लागते. पाणी जाऊ देणाऱ्या पण क्षार अडवणाऱ्या आरओच्या पडद्यातून खारं पाणी ढकलायला ५५ ते ७० बार दाब द्यावा लागतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). चांगल्या आधुनिक प्रकल्पात सगळं मिळून हजार लिटरमागे ३ ते ४ युनिट जातात. उरलेल्या खाऱ्या पाण्यातला दाब परत वापरणारी यंत्रं आल्यापासून हा आकडा बराच उतरला आहे, पण आता फार उतरणार नाही. आत घेतलेल्या पाण्यापैकी निम्मं गोडं करून काढायचं तर निसर्गाच्या नियमानंच एक युनिटच्या थोडं वर लागतं. कोणी अर्ध्या युनिटात करून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

एक आक्षेप मात्र खोडायलाच हवा. एवढी वीज बनवायलाही पाणीच लागतं, मग मिळवलं काय, असं हमखास विचारलं जातं. कूलिंग टॉवर असलेल्या कोळशाच्या केंद्रात एका युनिटमागे साधारण दोन लिटर पाणी वाफ होऊन जातं. चार युनिट धरले तरी हजार लिटर मिळवायला आठेक लिटर गेले. पवन किंवा सौर वीज असेल तर तेवढेही नाहीत. खरी अडचण वेगळी आहे: प्रकल्प वापरा न वापरा, पैसे मोजावेच लागतात. मेलबर्नचा प्रकल्प २०१२ च्या अखेरीस तयार झाला, तोवर पावसानं धरणं सावरली होती. त्याचं पाणी पहिल्यांदा मागवलं गेलं ते थेट २०१६-१७ मध्ये. करारातले स्थिर आकार मात्र मधल्या काळातही चालूच होते.

माझा कौल बहुतेक ठिकाणी सांडपाण्याला. कारण साधं आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, घरगुती सांडपाण्यात बहुधा एक ग्रॅमही नाही. दाब कमी लागतो, म्हणून वीजही. नेहमीच्या प्रक्रियेनंतर पिण्यायोग्य करायला आणखी साधारण एक युनिट लागतं. नेहमीची प्रक्रिया तर नदीत सोडण्याआधीही करायचीच असते, आणि गाळातल्या बायोगॅसमधून तिची थोडी वीज परत मिळू शकते. किळस वाटते हे खरं, पण नामिबियातलं विंडहूक १९६८ पासून असं पाणी पितंय, आणि सिंगापूरनं २००३ पासून ते मुख्यतः कारखान्यांना दिलंय.

यालाही दोन खाचखळगे आहेत. मलवाहिन्या धड नसतील तर शुद्ध करायला सांडपाणी येणार कुठून? आणि त्या पाण्यावर आधीच कोणाचा हक्क असू शकतो. खाली नदीवर शेती करणारे असतात, कधी वीज केंद्रही. ॲरिझोनातलं पालो वर्दे अणुवीज केंद्र शहरांच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावरच थंड होतं.

या सगळ्याआधी गळती. फुटक्या पाइपातून गेलेल्या प्रत्येक लिटरसोबत त्याला लागलेली वीजही जाते. गळती मोठी असेल तर तिन्ही प्रस्ताव तात्पुरते बाजूला ठेवावेत.

गळती आटोक्यात असेल आणि मलवाहिन्या शाबूत असतील तर पुनर्वापर घ्या. समुद्रकाठी असाल आणि पाऊस सलग काही वर्षं दगा देत असेल, तर त्याच्या जोडीला समुद्राचं पाणी, पण प्रकल्प लहान आणि पुढे वाढवता येईल असा. पाइपलाइन फक्त उतारावरची, किंवा चढ दोनशे मीटरच्या आत असेल तर.

निवड कोणतीही असो, वीज गेली की पाणी जातं. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्ससमध्ये वीज कोलमडली, त्यात जलशुद्धीकरण केंद्रंही बंद पडली आणि एक कोटीहून जास्त लोकांना पाणी उकळून प्यायला सांगावं लागलं. म्हणून प्रस्ताव देणाऱ्याकडून दोन आकडे लेखी घ्या. सगळ्यात कोरड्या वर्षी हजार लिटरमागे किती युनिट लागतील, आणि वीज पूर्ण गेली तर जनित्र व टाक्यांच्या भरवशावर शहर किती तास चालेल.