खाकीत राहून मानसशास्त्रात एम.ए. करावं का?

मी सोलापूर शहर पोलिसात हवालदार आहे, महिला कक्षात बसते. नोकरी सांभाळून दूरशिक्षणातून मानसशास्त्रात एम.ए. केलं, दुसऱ्या वर्षाला समुपदेशन हा विषय घेतला. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. खात्यातल्या पोरी सारख्या विचारतात, "मॅडम, घेऊ का ॲडमिशन?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पाचपैकी साडेतीन गुण. ते कुठं गेले आणि कुठं मिळाले ते सांगते.

पहिलं वर्ष कोरडं. कला शाखेतून आलेल्यांना संख्याशास्त्र घाम फोडतं. पुस्तकं इंग्रजीत नाहीतर हिंदीत, मराठीत पान नाही. रविवारचे वर्ग होणार की नाही हे आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर कळायचं, तोवर ड्युटी लागलेली असायची. प्रात्यक्षिकं मात्र मनापासून आवडली. भाटियांची १९५५ची बुद्धिमत्ता चाचणी हातात घेतली, ठोकळे आणि चित्रं मांडायची, वाचता येण्याची गरज नाही. निकष जुने झालेत, पण शाळेत न गेलेल्या माणसाची अक्कल मोजायची कुणालातरी गरज वाटली होती, याचंच बरं वाटलं.

खरा माल स्मृतीच्या पेपरात आहे. लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४चा प्रयोग घ्या. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. वेगाबद्दल विचारताना एका गटाला गाड्या "धडकल्या" म्हटलं, दुसऱ्याला "चक्काचूर झाला" म्हटलं. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. तरी चक्काचूरवाल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, धडकवाल्या ५० पैकी ७. आता ठाण्यात जबाब कसा घेतला जातो ते आठवा. "त्यानं लाल शर्ट घातला होता ना?" झालं, शर्ट लाल!

फिशर आणि गीझेलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात साक्षीदाराशी बोलायची एक रीत बसवली. माणसाला मनानं त्या जागी परत न्यायचं, मध्ये न तोडता सगळं सांगू द्यायचं, मग वाटलं तर शेवटाकडून सुरुवातीकडं यायचं. आमच्या पुस्तकात हे अर्ध्या पानात उरकलंय, पुढचं माझं मी वाचलं. कुंभारीच्या गोदूताई विडी घरकुलातली एक बाई मारहाणीची तारीख काही केल्या सांगत नव्हती. "अक्का, तारीख सोडा. त्या दिवशी सकाळपासून काय काय केलं ते सांगा," म्हटलं आणि पेन खाली ठेवला. तेलुगू-मराठी मिसळून ती बोलत राहिली. त्या दिवशी कारखान्यातून पान खराब मिळालं, म्हणून विड्या कमी भरल्या, म्हणून घरी भांडण. विडी कार्डावर कमी विड्यांची नोंद सापडली, तारीख तिथंच होती. फीचे पैसे माझ्या लेखी त्या दिवशी वसूल झाले.

आता दीड गुण कुठं गेला. समुपदेशनाच्या नीतीचा धडा सांगतो, समोरच्यानं सांगितलेलं गुप्त ठेवा. अपवाद म्हणून कॅलिफोर्नियाचा १९७६चा टॅरासॉफ निकाल येतो, कुणाच्या जिवाला धोका असेल तर समुपदेशकानं गप्प बसायचं नाही. छान. पण ऐकणाराच पोलीस असेल तर? लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला की पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे कुणालाही कळवावंच लागतं, समुपदेशकाची त्यातून सुटका नाही. उलट बाजूनं, नवरा माझ्यासमोर "हो, मारलं" म्हणतो, त्याला वाटतं मॅडम समुपदेशन करताहेत. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे पोलिसापुढची ती कबुली त्याच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही, पण त्याच्या बायकोला वाटतं आता केस पक्की. दोघांनाही सुरुवातीलाच काय सांगायचं, कोणत्या शब्दांत, यावर अख्ख्या अभ्यासक्रमात एक ओळ नाही. पोक्सोचं कलम २४ मुलाचा जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्याला गणवेश घालू नको म्हणतं. म्हणजे कपड्यांचा परिणाम कायद्याला कळला, आमच्या पुस्तक लिहिणाऱ्यांना नाही. वर्गातल्या रोल-प्लेत एका शिक्षिकेनं मला सांगितलं, "तुम्ही 'बोला' म्हणालात की आरोपी असल्यासारखं वाटतं." सगळे हसले. पण सुधारायचं कसं, ते मी घरी आरशापुढं शिकले.

आणखी एक. या पदवीवर कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पाटी लावू नका. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं वेगळं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. आपल्याकडं एम.ए. झालं की लोक "डॉक्टरीणबाई" म्हणायला लागतात, तिथं जीभ आवरा. गंभीर आजाराची शंका आली की सिव्हिलला मनोविकार विभागात पाठवा.

तर घ्या, पण जबाब नीट घेता यावा म्हणून घ्या. निवृत्तीनंतर सात रस्त्याला केबिन टाकायचा विचार असेल तर आधी नियम वाचा. आणि प्रवेशाआधी खात्याची परवानगी लेखी काढा. जूनच्या परीक्षा आषाढीच्या बंदोबस्ताला येऊन भिडतात, आणि पंढरपूरची ड्युटी लागली की तोंडी परवानगी कुणाला आठवत नाही.