ब्राम्सची प्रेमगीते की जिप्सीगीते?

जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्सने चार आवाज आणि पियानो यांसाठी लिहिलेल्या दोन गीतमालांपैकी एक बसवायची असेल, तर चाली ऐकून मोहात पडण्याआधी आपल्याकडे पियानोवादक किती आहेत आणि टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारे पुरुष, कसे आहेत, हे पाहावे.

‘लीबेसलीडर’ म्हणजे प्रेमगीते (कृतिक्रमांक ५२, १८६९) ही वॉल्ट्झ या तीन मात्रांच्या नृत्यलयीतल्या अठरा गीतांची माला आहे. हिच्यात एकाच पियानोवर दोघे वाजवतात आणि ती साथ मुळीच दुय्यम नाही. ब्राम्सने मुखपृष्ठावर पियानोला पहिला मान देऊन गायन ऐच्छिक ठेवले होते. एका बाकावर बसलेल्या दोघांपैकी पेडल सहसा डावीकडच्याच्या पायाखाली असते, आणि त्याचा उजवा हात व शेजाऱ्याचा डावा हात पियानोच्या पट्ट्यांच्या मध्यावर एकमेकांच्या वाटेत येतात, त्यामुळे दोन उत्तम वादक असले तरी ते पूर्वी एकत्र वाजवलेले नसतील, तर त्यांच्या तालमी गायकांच्या आधी सुरू कराव्यात. लेंडलर या वॉल्ट्झसारख्याच लोकनृत्याची सैल लय जड झाली की सगळा डौल जातो. गायकांना मात्र ही माला सोसते: गीते छोटी आहेत, काही केवळ दोन आवाजांची आहेत, आणि अकराव्या गीतातला नावे ठेवणाऱ्या लोकांवरचा त्रागा कोणत्याही गायकवृंदाला मनापासून जमतो. शिवाय निवडक गीतेच घेण्यास संकोच नको, कारण वाद्यवृंदासाठी रचना करताना ब्राम्सनेही निवडच केली होती.

‘त्सिगॉयनरलीडर’ म्हणजे जिप्सीगीते (कृतिक्रमांक १०३, १८८७) या मालेत अकरा गीते आणि एकच वादक आहे. हंगेरियन लोकगीतांच्या ह्यूगो कॉनराटकृत जर्मन रूपांतरावर ती बेतलेली असून सगळी दोन मात्रांच्या ठेक्यात आहेत. पहिल्याच गीतात टेनर एकटा हाक देतो आणि मग बाकीचे आवाज त्याला येऊन मिळतात. तो आवाज डळमळीत असेल, तर पुढचे सावरणे कठीण. पाचव्या गीतात सावळा तरुण सिंबालोम या हंगेरियन तारवाद्यावर चांदीची तीन नाणी खणकन टाकतो, तेव्हा पियानोनेही तसेच टणत्कारले पाहिजे. यांतली आठ गीते ब्राम्सने पुढे एकल गायनासाठीही मांडली. शीर्षकातला शब्द आज रोमा समाजाला अवमानकारक वाटतो, म्हणून कार्यक्रमपत्रिकेत त्याविषयी दोन ओळी लिहाव्यात. त्या शब्दाच्या आरंभीचा उच्चार मराठी गायकांना आयता येतो. आपल्या ‘चाक’मधला ‘च’ तोच आहे.

एकच खंबीर वादक आणि धीट टेनर असेल, तर मी दुसरी माला घेईन. टेनर बेताचे पण जुळलेली वादकजोडी हाताशी असेल, तर पहिलीतील आठ-नऊ गीते निवडावीत आणि जवळजवळ संपूर्ण टेनरच्या गळ्यावर उभे असलेले सतरावे गीत त्यातून वगळावे.