कर्जदार घरानं पेपर कोणता लावावा? सीमाभागापुरती एक तुलना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी घरात कोणता पेपर येतो, हे बहुतेक वेळा भाषेवरून ठरतं. ते स्वाभाविक आहे. पण आता दुसरी एक कसोटी लावायची वेळ आली आहे असं मला वाटतं. सोसायटीचं पीककर्ज, बायकांच्या गटावरचं फायनान्सचं कर्ज, सोनेतारण, वर मोबाईलचा आणि गाडीचा हप्ता, हे सगळं आज एकाच घरात असतं. देशातल्या घरगुती कर्जाचं प्रमाणही जीडीपीच्या 40 टक्क्यांच्या वर गेलं आहे. अशा घराला उपयोगी पडेल ती बातमी कोण देतं? ‘सगळे पेपर विकले गेलेत’ ही तक्रार बसस्टँडपासून बाजारापर्यंत ऐकू येते, पण तेवढ्यानं कोणता पेपर घ्यावा हे ठरत नाही.

पक्षपात दिसतो कसा, त्याचं चांगलं उदाहरण म्हणजे मार्च 2025 चे दोन अर्थसंकल्प. 7 तारखेला सिद्धरामय्यांनी कर्नाटकाचा मांडला, 10 तारखेला अजित पवारांनी महाराष्ट्राचा. त्यातल्या अंदाजानुसार कर्नाटकावरचं देणं सुमारे 7.65 लाख कोटी, म्हणजे राज्याच्या सकल उत्पन्नाच्या 24.91 टक्के. महाराष्ट्राचं सुमारे 9.32 लाख कोटी, पण टक्केवारी 19 च्या आत. आता मथळा काय द्यायचा? ‘महाराष्ट्रावर कर्नाटकापेक्षा जास्त कर्ज’ हे खरं. ‘कर्नाटक जास्त कर्जबाजारी’ हेही खरं. 2011 च्या जनगणनेनं भागलं तर कर्नाटकात माणशी सव्वा लाख, महाराष्ट्रात साधारण 83 हजार. ज्याला जे सोयीचं, तो ते उचलतो आणि एकही आकडा खोटा नसतो. तसंच योजनांचं. कर्नाटकातल्या गृहलक्ष्मी योजनेचे बायकांना मिळणारे 2000 रुपये एकीकडे रेवडी ठरतात आणि लाडक्या बहिणीचे 1500 सन्मान. सीमा ओलांडली की उलट.

या गदारोळात मुद्द्याची ओळ मागच्या पानावर जाते. त्या वर्षी दोन्ही राज्यांनी महसुली तूट दाखवली, कर्नाटकानं 19 हजार कोटींच्या वर, महाराष्ट्रानं 45 हजार कोटींच्या वर. म्हणजे पगार, पेन्शन, अनुदान, व्याज असा चालू खर्च भागवायलाही काही प्रमाणात कर्ज काढावं लागणार. कर्नाटकाच्या कायद्यात देण्याची मर्यादा 25 टक्के आहे आणि राज्य तिला जवळपास टेकलं आहे. पुढं हात आखडला की आधी रस्ते, पाटबंधारे, बिलं रखडतात आणि त्याची झळ खानापूरच्या ठेकेदाराला आणि त्याच्या मजुरालाही बसते. जो पेपर महसुली तूट पहिल्या पानावर घेतो, तो माझ्या मते वाचकाच्या बाजूचा.

आता आपल्यापुढचे पर्याय बघू.

बेळगावातली मराठी दैनिकं. ‘तरुण भारत’ बाबूराव ठाकुरांनी 1919 मध्ये सुरू केला; ‘पुढारी’ कोल्हापूरचा, तोही इथं घरोघरी. सीमाप्रश्न, उसाचा दर, गल्लीतलं पाणी, मराठी शाळा यांची बातमी त्यांच्याशिवाय आपल्याला कोण देणार? 1956 पासून इथला मराठी माणूस जे मागतोय त्याची नोंद याच पानांनी ठेवली. म्हणूनच मला त्यांच्याकडून जास्त अपेक्षा आहे. स्थानिक पेपरात सहकारी सोसायट्यांची बातमी बहुधा वार्षिक सभेची असते: लाभांश, सत्कार, फोटो. थकबाकी किती, मोठी कर्जं कुणाला दिली, हे क्वचितच येतं. ठेवींच्या जाहिरातीवर पानं चालतात आणि गाव लहान, संपादक-संचालक-पुढारी एकमेकांच्या ओळखीचे. यात वाईट हेतूच असतो असं नाही. पण बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे आणि पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही, एवढं साधं वाक्य त्या जाहिरातींशेजारी कधी छापलेलं दिसत नाही. मुलीच्या लग्नासाठी साठवलेला पैसा एक टक्का जास्त व्याजासाठी तिथं जातो, याची मला खरंच काळजी वाटते.

कन्नड दैनिक. ‘प्रजावाणी’ 1948 पासून आहे, ‘विजय कर्नाटक’ 1999 पासून. मराठी माणूस या पानांत मुख्यतः भांडणाच्या बातमीतच भेटतो, ही आपली तक्रार मला रास्त वाटते. तरी कर्जाच्या बाबतीत इथं वजन जास्त आहे, कारण आपल्याला लागू होणारा कायदा बंगळुरात होतो. 12 फेब्रुवारी 2025 ला मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गटावरच्या छोट्या कर्जांच्या, जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध राज्याचा वटहुकूम आला: 10 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड. त्याच महिन्यात बेळगावजवळ कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्हीकडच्या बसगाड्या अडल्या. मराठी वाहिन्यांवर मी पाहिलं ते बसचं. कायदा कुणाला लागू, कुणाला नाही, हे मला कन्नड पेपरात सापडलं. ‘आता कर्ज फेडायला नको’ असा समज पसरला होता, तो चूक होता. नोंदणीकृत बँकांचं आणि फायनान्स कंपन्यांचं कर्ज त्या वटहुकुमानं माफ झालेलं नाही.

मुंबई-पुण्याच्या वाहिन्या. या बाबतीत त्या सर्वांत धोक्याच्या. तिथं ‘कर्जमाफी’ची पट्टी फिरली की आपल्याकडचा शेतकरीही थांबतो. महाराष्ट्रातली 2017 ची असो की 2019 ची, ती या बाजूला लागू नव्हती. आपल्याकडची वेगळी, 2018 ची. कर्नाटकात सोसायटीचं 5 लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी मिळतं, पण वेळेत फेडलं तर. दुसऱ्या राज्याच्या माफीची वाट बघत मुदत चुकवली की ती सवलत गेली. म्हणजे नुसती बातमी ऐकून घराला व्याज लागतं.

मोबाईलवरच्या स्थानिक चॅनेलांबद्दल एवढंच, की व्हिडिओ लवकर मिळतो, पण आदेशाचा नंबर आणि तारीख सांगितली नसेल तर त्यावर पैशाचा निर्णय करू नये.

माझा कौल सांगतो. नोकरदार घरात, जिथं फक्त गृहकर्ज आहे, तिथं मराठी दैनिक पुरे. शेती किंवा गटाचं कर्ज असेल तर मराठी दैनिक ठेवावंच, आणि वाहिन्यांच्या रिचार्जमधले पैसे वाचवून जोडीला एक कन्नड दैनिक घ्यावं, आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी. मोठ्यांना कन्नड वाचता येत नसलं तरी मुलं शाळेत शिकतात. सहकार आणि शेतीचं पान त्यांच्याकडून वाचून घ्यावं. हे केल्यानं मराठीपण कमी होत नाही. हक्काचं भांडण भांडायलाही समोरचा कायदा ठाऊक लागतो.

आणि एक गोष्ट, जी मी यातल्या कुठल्याच पानावर ठळक पाहिली नाही. रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमांनुसार वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण दिलेलं कर्ज मायक्रोफायनान्समध्ये धरतात. घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर तगादा लावता येत नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं. गटातल्या बायकांनी पुढच्या बैठकीत ते कार्ड मराठीत मागावं, आणि दिलं नाही तर तक्रार लेखी करून पोच घ्यावी.