थायलंडमध्ये जुनी स्कूटर घेताय? हिरव्या बुकाच्या झेरॉक्सवर एक बाटही देऊ नका

स्कूटरचे ३४,५०० बाट, नावावर करून देण्यासाठी एजंटला आगाऊ २,५०० आणि सक्तीच्या विम्याचे, म्हणजे ‘पोरोबो’चे ३२३. एकूण ३७,३२३ बाट बुडाले. होंडा क्लिक १२५ होती. इंजिन, बेल्ट, ब्रेक, कशातच खोट नव्हती. खोट कागदात होती. गाडी विकणाऱ्याची नव्हतीच, फायनान्स कंपनीची होती, आणि कंपनीची माणसं एका रात्री पार्किंगमधून दुसऱ्या किल्लीने ती घेऊन गेली. याला चोरी म्हणत नाहीत, वसुली म्हणतात!

आपल्याकडे कर्जावरची गाडीसुद्धा आरसी बुकावर आपल्याच नावाने असते, बँकेचा फक्त बोजा चढतो. थायलंडमध्ये हप्त्यावरची गाडी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कंपनीच्याच मालकीची. तिथल्या हिरव्या बुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकात (‘लेम खियाव’), दोन वेगळे रकाने असतात: एक मालकाचा, दुसरा गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याचा. गाडी मोकळी असेल तर दोन्हीकडे एकच नाव. हप्ते चालू असतील तर मालकाच्या रकान्यात कंपनी, आणि असली बुकही कंपनीकडेच. विकणाऱ्याच्या हातात उरते ती झेरॉक्स.

त्या झेरॉक्सवर सगळं लिहिलेलं होतं, याचीच चीड येते. एका रकान्यात लांबलचक नाव, दुसऱ्यात विकणाऱ्याचं. थाई लिपी वाचता येत नसली तरी दोन नावं सारखी नाहीत हे डोळ्यांना दिसतं. त्यावर बोट ठेवून विचारलं तर उत्तर आलं, “तो जुना मालक. असली बुक गावी आईकडे आहे, पुढच्या आठवड्यात येईल.” जो माणूस सीट उघडून देतो, हवी तेवढी चालवून बघा म्हणतो, सर्व्हिसची बिलं पुढे करतो, त्याच्यावर संशय घ्यायचा कशावरून? कामावर रोज जायचं असतं, गल्लीच्या आत बस येत नाही, भाड्याची स्कूटर महिनोन्महिने परवडत नाही. आणि तिथे राहणारे कितीतरी परदेशी ‘ओन लोय’वरच गाडी घेतात. म्हणजे विकणारा ट्रान्सफरच्या फॉर्मवर आणि अधिकारपत्रावर सही करून ठेवतो, ओळखपत्राची सही केलेली प्रत देतो, नाव तुम्ही मागाहून बदलायचं. असली बुक हातात असेल तर हे चालतं. नसेल तर त्या सह्यांची किंमत शून्य.

गाडी पहिले काही महिने सुरळीत का चालते, तेही समजून घ्या. सलग तीन हप्ते थकले की कंपनी नोटीस काढते आणि त्यानंतर तीस दिवस थांबते. तुमचे पैसे खिशात पडले की हा हप्ते बंद करतो. कंपनी दारात येईपर्यंत याचा फोन केव्हाच बंद झालेला असतो. विमा झेरॉक्सवरही निघतो, तेव्हा विम्याची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. कर कधीपर्यंत भरलाय तेही स्टिकरवर बघा; तिथलं साल बौद्ध असतं, ५४३ वजा करून वाचा. तीन वर्षं कर थकला की नंबर रद्द होतो.

आता पोलीस. आधी म्हणाले, हा दिवाणी मामला, वकील गाठा. मग म्हणाले, फसवणूक कंपनीची झाली, तुमची नाही. म्हणजे पैसे ज्याचे गेले तो कुणीच नाही! फार मागे लागल्यावर शिक्का मारलेला एक कागद दिला आणि घरी पाठवलं. ती तक्रार नव्हती, नुसती दैनंदिन नोंद होती. हा फरक कुणी तोंडातून काढला नाही. तिथल्या फौजदारी कायद्याच्या कलम ३४१ खालच्या साध्या फसवणुकीत, गुन्हा आणि गुन्हेगार कळल्यापासून तीन महिन्यांत रीतसर तक्रार द्यावी लागते, आणि नुसत्या नोंदीने ती मुदत थांबत नाही. पुन्हा गेल्यावर त्याच टेबलावरून ऐकवलं, मुदत संपली. मुदत संपवली कुणी? एका हेल्पलाइनवर फोन केला तर त्यांनी त्याच ठाण्याचा नंबर दिला. म्हणून थाई बोलणारा माणूस सोबत न्या आणि “आरोपीला शिक्षा व्हावी अशी इच्छा आहे” हे शब्द तक्रारीत आहेत याची खात्री करूनच सही करा.

पैसे द्यायची जागा एकच, ‘खोन सोंग’ म्हणजे तिथल्या परिवहन कार्यालयाची खिडकी. विकणाऱ्याला घेऊन तिथे जा. फ्रेमचा आणि इंजिनचा नंबर गाडीवर कुठे कोरलाय ते बुकातच लिहिलेलं असतं, ती जागा पुसून स्वतः जुळवा. हस्तांतर पंधरा दिवसांत कळवायचं असतं. एजंटला आगाऊ काही देऊ नका. आणि हप्ते बाकी आहेत असं विकणारा स्वतःहून सांगत असेल, तर त्याच्यासोबत कंपनीच्या शाखेत जा, बाकी रक्कम तिथेच भरून पावती घ्या, आणि त्याचे उरलेले पैसे बुक तुमच्या नावावर झाल्यावरच द्या. नावावर करायला तुमच्याकडूनही पासपोर्ट आणि इमिग्रेशनचा रहिवासी दाखला किंवा वर्क परमिट लागतं. दाखला मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून गाडी बघायला निघण्याआधीच त्यासाठी अर्ज करा.